ग्रीकांची शांती आणि तुझे अश्रू

प्रिय विनय,

काल तुझ्या विद्यापीठात तुझी शोकसभा झाली आणि घरी आल्यापासून मी तुझ्या सहकारी मेलिनवर जळते आहे. हे दुसऱ्या कुणाला सांगू? म्हणून तुलाच लिहिते.

चारशे वर्षांपूर्वीचे युरोपातले ख्रिस्ती धर्मोपदेशक प्रवचनांत ग्रीकांचा आधार कसा घेत, यावर तुम्ही दोघं पुस्तक लिहीत होतात, एवढंच मला ठाऊक होतं. काल ती म्हणाली, "दुःखाने डळमळू नका, हे ते ग्रीकांच्या स्टोइक तत्त्वज्ञांकडून शिकले. पण समोर मूल गमावलेली आई बसलेली असे. तिला हे कसं सांगणार? तिथे ते ग्रीकांची साथ सोडत आणि म्हणत, येशूसुद्धा मित्राच्या थडग्यापाशी रडला होता. विनयने मला असं एक प्रवचन वाचून दाखवलं, आणि स्वतःच्या आईच्या आठवणीने तो रडला."

तू रडलास? तिच्यासमोर?

आई गेल्याचा पुण्याहून फोन आला, तेव्हा मी तुझ्या खांद्यावर हात ठेवला होता. तू म्हणालास, "तिकिटं बघ, मी बॅग भरतो." विमानात मी रडत होते आणि तू मला पाणी देत होतास. मला वाटलं, हा माणूसच असा. इथे परदेशात, बिशानच्या या फ्लॅटमध्ये इतकी वर्षं आपण एकत्र जेवलो, आजारपणं काढली, आणि तुझे अश्रू गेले तिच्या वाट्याला. तुमचं प्रेमप्रकरण असतं, तर निदान भांडता तरी आलं असतं.

सभेनंतर मी तिला गाठलं. "खरंच रडला तो?"

ती गोंधळली. "तुम्हाला माहीत नव्हतं? तो म्हणाला, घरी रडलो तर सुजाता कोसळेल. तिला आधाराला कुणीतरी ताठ उभं लागतं."

कुणी सांगितलं तुला, विनय? मी कधी मागितला होता तो ताठ माणूस?

मग तिने विचारलं, राहिलेलं पुस्तक पूर्ण करू का? 'नाही' अगदी ओठांवर आलं होतं. पण ते तुझंही काम आहे. म्हटलं, "कर. मात्र शनिवारी घरी ये आणि त्या दिवशीचं सगळं मला सांग. तो कुठे बसला होता, काय काय बोलला." ती येते म्हणाली.

मत्सर जाईल, असं खोटं वचन देत नाही. पण ती सांगत असताना मी ताठ बसणार नाही. कोसळायचं असेल, तर कोसळेन. एवढं नक्की.

तुझी, अजून रागातच असलेली,
सुजाता