गनीभाईंची ट्रॉली

चि. अतुल यास आशीर्वाद.

तुझे पणजोबा गोमाजी, आजोबा पुंडलिक आणि वडील श्रावण, तिघांनीही होडी खांद्यावरून पाण्यापर्यंत नेली. धरणावर न्यायला तुला ट्रॉली हवी, हे मला मान्य आहे. नवी मात्र येणार नाही. घाटावरच्या होड्या ट्रॉलीवरून वाहणारे गनीभाई अंथरुणाला खिळले आहेत आणि त्यांचा मुलगा इमरान जुनी ट्रॉली भंगारात देणार आहे. ती घ्यायला मी निघाले आहे. किंमत तो सांगेल ती. घासाघीस होणार नाही.

“आजी, त्या ट्रॉलीवर मी होडी नाई चढवत,” असे तू काल म्हणालास. कारण मला ठाऊक आहे. पुरात बुडून गेलेल्या श्रावणला बाहेर काढले, तेव्हा त्याला घरी आणायला गावात कोणी वाहन देईना. गनीभाईंनी आपली ट्रॉली आणली. भाडे विचारले, तर म्हणाले, “माय, लेकराले घरी आणाचं भाडं असते काय?” प्रेत वाहिलेली ट्रॉली अशुभ, म्हणून त्या दिवसापासून घाटावरच्या एकानेही तिच्यावर होडी ठेवली नाही. त्यांचा धंदा बसला. मीसुद्धा सात वर्षे त्यांच्या दारासमोरून मान वळवून गेले. ती ट्रॉली मला पाहवत नव्हती.

भाकरी झाकून ठेवली आहे, खाऊन घे. दहा वाजता होडी धुऊन रस्त्यावर आण. ती तू स्वतःच्या हातांनी ट्रॉलीवर चढवशील आणि आपण त्यांच्या दारावरून सावकाश जाऊ. त्यांची खाट ओट्यावर आणायला मी इमरानला सांगते. श्रावणच्या मुलाची होडी त्यांच्या ट्रॉलीवर त्यांनी डोळ्यांनी पाहिली, म्हणजे या घरावरचे त्यांचे ऋण पूर्ण फिटेल.

तुझी आजी