अडलेल्या माणसाचं वाक्य

प्रिय दादा,

'प्रिय' लिहायला बराच वेळ लागला, पण पत्राची सुरुवात अशीच करायची असते म्हणून लिहिलं. खोडलं नाही, एवढं लक्षात घे. आठवडाभर तू माझा फोन कट करतो आहेस, म्हणून कागद घेतला. कागद कट करता येत नाही. पत्र शेजारच्या काकूंच्या पत्त्यावर पाठवतोय, त्या ते तुझ्याच हातात देतील. आधी कच्चं लिहून काढलं, शब्दकोशात बघून ऱ्हस्व-दीर्घ तपासलं आणि मग हे पक्कं लिहायला घेतलं. बारावीत गटांगळी खाल्लेला माणूस परदेशात मास्तरकी करतो, या तुझ्या जुन्या विनोदाला मला नवा खुराक द्यायचा नाही. आता कुठेतरी बस आणि सगळं वाच. शेवटचं पान आधी उघडायची तुझी सवय आहे. आज तसं करू नकोस.

मी इथे नक्की काय करतो, हे तू कधी विचारलंच नाहीस. "काय मास्तर, एबीसीडी चाललीय ना?" एवढ्यावर तुझी चौकशी संपायची. तर ऐक. टायरच्या दुकानाच्या वर आमचा इंग्रजीचा वर्ग आहे. जिना लोखंडी आहे, त्यामुळे विद्यार्थी वर येण्याआधी त्याच्या पावलांवरूनच कोण ते मला कळतं. दिवसभर खालून रबराचा वास येतो आणि हवा भरायच्या यंत्राची धडधड ऐकू येते. तिच्यावर आवाज चढवून शिकवायचं. विद्यार्थी सगळे कामावरून थेट आलेले, माझ्याहून वयाने मोठे. एक बेकरीवाला आहे, त्याच्या भुवयांवर कायम पीठ असतं. एक शिवणकाम करणाऱ्या बाई आहेत, मी त्यांना मनातल्या मनात टाचणीबाई म्हणतो, कारण ब्लाउजला टाचण्या टोचलेल्या असतात आणि बोलणंही तसंच टोचतं. एक नर्स आहे, ती रात्रपाळी करून येते आणि डुलक्या काढते. मी टाय लावतो. टाय वाकडा झाला की काय म्हणून दर तासाला खाली बघतो. धड्याची तयारी घरी तीनदा करतो, तरी जिन्यावर पुन्हा वही उघडतो. पण मला शिकवता येतं, दादा. फुशारकी नाही, खरंच येतं.

आमच्या वर्गात पुस्तकाआधी आरसा लागतो. प्रत्येकाच्या बाकावर हातात मावेल एवढा आरसा ठेवलेला असतो. माणूस मोठा झाला की त्याचं तोंड हट्टी होतं, जुन्या आवाजांना सोडून नव्याला वळत नाही. ओठ कुठे मिटतात, जीभ कुठे टेकते, हे त्याला स्वतःला दिसावं लागतं. दुसरी वस्तू म्हणजे कागदाची पट्टी. बेकरीवाल्याला 'प' आणि 'ब' यांतला फरकच कळत नव्हता. त्याच्या ओठांसमोर पट्टी धरली. 'प' म्हटलं की ती फडफडायची, 'ब' म्हटलं की गप्प राहायची. ज्या दिवशी ती बरोबर फडफडली, त्याच्या दुसऱ्या दिवशी तो सगळ्या वर्गासाठी ताजा पाव घेऊन आला. आणि तिसरा आमचा नियम, जो वर्गाच्या मालकांनी भिंतीवर लावलाय: अडलेल्या माणसाचं वाक्य दुसऱ्याने पुरं करायचं नाही. कितीही वेळ लागो, थांबायचं. टाचणीबाईंना हे फार जड जातं. बेकरीवाला अडखळला की त्या आपल्या मांडीला चिमटा काढतात, पण गप्प बसतात. हा नियम लक्षात ठेव. पुढे लागणार आहे.

हे सगळं आईला ठाऊक होतं. दर रविवारी फोनवर ती विचारायची, "आज काय शिकवलंस रे पोरांना?" पोरांना म्हणे. त्यातला एकजण आजोबा झालाय. मग मी एक शब्द सांगायचा आणि तिने म्हणून दाखवायचा. आरशाचं सांगितल्यापासून ती फोन कानाला लावून कपाटाच्या आरशासमोर उभी राहायची. "बाई बाई, काय ध्यान दिसतंय," म्हणून स्वतःलाच हसायची. 'पिलो' म्हणताना तिने पट्टीऐवजी बसचं तिकीट धरलं होतं. ते फडफडलं, हे ओरडून तिने वहिनीला दाखवलं, ते मला इथे ऐकू आलं होतं. तू तेव्हा जेवत होतास आणि म्हणालास, "आता या वयात मडमीण व्हायचंय का?" तेही ऐकू आलं होतं.

मग चार महिन्यांपूर्वी आई फोनवर यायची बंद झाली.

पहिल्या रविवारी तू म्हणालास, झोपलीय. दुसऱ्या रविवारी शेजारी गेलीय. मग अंघोळीला गेलीय. मग कानात ठणका आहे, फोन कानाला नको म्हणते. व्हिडिओवर दाखव म्हटलं तर कॅमेरा बिघडला. मी काळजीने विचारायचो आणि तू गोड बोलायचास. दादा, तू माझ्याशी जन्मात कधी गोड बोलला नाहीस. तेव्हाच मला कळायला हवं होतं. आणि मग कारणं संपली तेव्हा तू म्हणालास, "ती रुसलीय तुझ्यावर. लग्नाचं मनावर घेत नाहीस म्हणून. नाही बोलायचं म्हणते."

हे वाक्य तू कसं तयार केलंस, ते मला जाणून घ्यायचंय. जेवताना सुचलं की गॅलरीत उभा राहून? मी ते खरं धरलं. आई रुसली तर खरंच रुसते, हे आपल्या दोघांना माहीत आहे, म्हणूनच तू तेच निवडलंस. त्यानंतर कितीतरी दिवस मी रस्त्याने चालताना तिची समजूत कशी काढायची याची वाक्यं जुळवत होतो. वर्ग संपल्यावर फळा पुसताना पुटपुटायचो. तिला आवडेल अशा रंगाची शाल घेऊन ठेवली. मुलगी बघ म्हणून तुलाच सांगितलं, आठवतंय? तू म्हणालास, "बरं, बघतो." कोणत्या तोंडाने म्हणालास?

तुझं बिंग इथल्या वर्गात फुटलं, कुणी चहाडी केली नाही. पुस्तकात फोनवर बोलण्याचा एक धडा आहे. एकाने विचारायचं, आई घरी आहे का? दुसऱ्याने नम्रपणे ती नाही असं सांगायचं, दर वेळी कारण बदलून. सरावच तो. टाचणीबाई विचारत होत्या आणि बेकरीवाला उत्तरं देत होता. ती झोपली आहे. ती शेजारी गेली आहे. ती अंघोळ करते आहे. एका पाठोपाठ एक. मी भिंतीला टेकून उच्चार ऐकत होतो आणि चुका दुरुस्त करायच्या विसरून गेलो. बेकरीवाला पाचव्या कारणाला लागला तेव्हा टाचणीबाईंनी हातातलं पुस्तक मिटलं. पुस्तकात नसलेलं वाक्य त्या प्रथमच बोलल्या, मोडकंतोडकं, पण स्वतःचं. त्याचा अर्थ असा होता: "अहो, खरं सांगा, तुमच्या आईला काय झालंय?" सगळा वर्ग हसला. बेकरीवाला सगळ्यात जास्त हसला. मी तास अर्ध्यावर सोडून त्या लोखंडी जिन्यावर जाऊन बसलो आणि काकूंना फोन लावला.

काकूंनी मला प्रश्न दोनदा विचारायला लावला. मग म्हणाल्या, "अरे, म्हणजे तुला सांगितलंच नाही?" आणि रडायला लागल्या. आईला अर्धांगवायू झालाय, उजवी बाजू गेलीय, वाचा गेलीय, आणि हे चार महिन्यांपूर्वीच झालंय, हे मला एका टायरच्या दुकानाच्या जिन्यावर शेजारणीकडून कळलं. सगळं ऐकू येतं तिला, काकू म्हणाल्या. सगळं कळतं. बोलायला जाते, तर नुसता "उं" येतो. डॉक्टरांनी सांगितलं होतं, हिच्याशी बोलत राहा, रोज बोलायचा सराव करून घ्या, सुरुवातीचे महिने मोलाचे असतात. तुमच्या घरात कुणाला सवड झाली नाही. आणि रविवारी फोन वाजला की ती मान वळवून त्याच्याकडे बघत राहते, आणि तू तो उचलून गॅलरीत जातोस. मी म्हटलं, काकू, तुमचा फोन तिच्या कानाला लावा. त्या एकदा गेल्यासुद्धा. वहिनी दारातच म्हणाली, झोपल्यात. काकू परत फिरल्या. "तुमच्या घरातलं भांडण माझ्या अंगावर नको रे बाबा," म्हणाल्या. त्यांना मी दोष देत नाही.

त्या संध्याकाळी मी तुला फोन केला तेव्हा तू म्हणालास, "तुझ्या भल्यासाठीच केलं. तू काम सोडून धावत आला असतास." हो, आलो असतो. त्यालाच मुलगा म्हणतात. मग म्हणालास, "येऊन तू काय दिवे लावणार होतास? डॉक्टर आहेस का?" मी ओरडलो आणि तू फोन ठेवलास. उत्तर राहून गेलं होतं, ते खाली देतो.

त्याआधी एक गोष्ट लिहितो, कारण ती खरी आहे आणि न लिहिणं लबाडी होईल. तिला उचलणं, पुसणं, भरवणं, रात्री कूस बदलून देणं, हे तू आणि वहिनी करता आहात, मी नाही. तुझी पाठ गेलीय, असं काकू म्हणाल्या. ते उपकार मी जन्मभर मानीन. पण दादा, भरवण्याने सगळे हक्क मिळत नाहीत. तू तिला दोन्ही वेळ जेवू घातलंस आणि तिचा मुलगा तिच्याकडून काढून घेतलास. मला सांगितलंस, ती रुसलीय. आणि तिला काय सांगितलंस, तेही काकूंनी ऐकलंय. "त्याला वेळ नाही, कामात असतो." ती मान वळवून फोनकडे बघत असताना तू हे बोललास. मी तिची समजूत कशी काढू म्हणून झुरतोय आणि ती तिकडे पडल्या पडल्या समजतेय की पोराने मला टाकलं. तिला "खोटं आहे हे" असं म्हणताही येत नव्हतं. भांडखोर बाई आपली आई, आयुष्यात कुणाचं ऐकून घेतलं नाही तिने, आणि तू नेमकं तिचं तोंड बंद असताना तिच्या वतीने बोललास. आमच्या भिंतीवरचा नियम मी मघाशी सांगितला. चार महिने तू अडलेल्या माणसाची वाक्यं पुरी करत होतास, आणि ती सगळी चुकीची होती.

आता तुझ्या प्रश्नाचं उत्तर. मी डॉक्टर नाही. पण नर्सला मी सगळं सांगितलं. ती त्या दिवशी डुलकी न काढता तास संपल्यावर थांबली. म्हणाली, पहिल्यासारखं बोलतील की नाही हे कुणीच सांगू शकत नाही, पण कुणीतरी रोज समोर बसायला हवं, आणि उशीर झाला असला तरी वेळ गेलेली नाही. मग तिने बाकावरच्या आरशाकडे बोट दाखवलं आणि विचारलं, हे आणखी कोण करणार, सर? हट्टी तोंडाला एकेक आवाज नव्याने शिकवायचा आणि न कंटाळता थांबायचं, हेच तर मी रोज करतो. मी जागेवर परत बसलो. एवढं सरळ मला आधी सुचलं नव्हतं. येऊन मी काय दिवे लावणार होतो, ते हे.

मी येतोय. मालकांना सांगून टाकलंय. ते म्हणाले, करार महिनाअखेरपर्यंत आहे आणि पासपोर्ट त्यांच्या कपाटात आहे, तोवर तास घ्यावे लागतील. घेतोय. महिना संपला की मी निघालो. तुझ्या घरात मला जागा नसली तर काकूंच्या बाहेरच्या खोलीत राहीन, पण रोज सकाळी आईच्या खाटेसमोर स्टूल टाकून बसणार आहे. तोपर्यंत एवढं कर. कपाटातला तिचा छोटा आरसा तिला तोंड दिसेल असा धर. आधी 'म', ओठ मिटून. जमलं की 'प', कागदाच्या पट्टीसमोर. ती अडली की थांब. तिला काय म्हणायचंय ते तुला समजलं तरी तू म्हणू नकोस. हे वहिनीलाही सांग.

आणि ज्यासाठी हे सगळं पत्र लिहिलं, ते एवढंच. हे पत्र मिळाल्यानंतरच्या पहिल्या रविवारी मी नेहमीच्या वेळी फोन करणार आहे. तू तो उचल, पण गॅलरीत जाऊ नकोस. तिच्या डाव्या कानाला लाव आणि बाजूला हो. तिने काही बोलायची गरज नाही. बोलायचं मला आहे. तिला सांगायचंय की मी दर रविवारी फोन केला होता, एकही चुकवला नव्हता, आणि दर वेळी तिलाच मागितलं होतं. बाकीचं भांडण आपण मी आल्यावर करू, ते मी सोडलेलं नाही. फोन लागला की मी आधी तुला विचारेन, आई आहे का? धड्यातलं उत्तर देऊ नकोस, दादा. आहे, म्हण.

तुझाच,
बारक्या