फळ्यावर राहिलेलं नाव

प्रिय प्रांजल,

पत्र बघून घाबरू नकोस, मी धडधाकट हाय. फोनच केला असता, पण आपल्या घरात फोन कायम स्पीकरवर, आणि शेजारपाजारचं बी व्हय व्हय करत ऐकतंय. हे तुझ्या एकटीसाठी हाय. सातवीनंतर पेन धरलं ते सहीपुरतंच, तवा अक्षराला हसू नकोस.

घरात काय चाललंय ते तुला ठाऊक हाय. दिवाळी झाली की मेंढरं घेऊन कोरेगावच्या अंगाला उतरायचं, आणि औंदा तात्याचा गुडघा त्याला उठू देत न्हाई. आपल्या धाकट्या धनाजीचं सांगलीत, विश्रामबागेत, डिप्लोमाचं शेवटचं वरीस. मग उरलं कोण, मी. दोन महिन्यांत तात्यानं मला एकदाबी ये म्हणून सांगितलं न्हाई. नुसतं विचारतोय, तिकडं थंडी पडली का. त्यातच सगळं आलं गं. न्हाई आलो तर दोनशे मेंढरं बाजारात जाणार, आलो तर इथलं सुटणार. मला एका जागी बसवत न्हाई, पण मेंढरांच्या चालीनं चालणंबी कधी जमलं न्हाई.

आता इथलं सांगतो. राजस्थानात वाळूवर सोलरचं काम हाय. जमिनीत भोकं पाडून लोखंडी खांब रोवायचे, त्यावर सांगाडा, सांगाड्यावर काचेचे पॅनल. आमचे वरदसाहेब वाईचे. दोन वर्षं मी नुसते खांब रोवले, औंदा गाववाला म्हणून त्यांनी मला मुकादम करून टाकलं. माणसं चौदा, भोकं पाडायचं मशिन एक, क्रेन एक. कुणाला कुठं लावायचं ते रोज सकाळी पांढऱ्या फळ्यावर मी लिहायचं. मुकादमीच्या पहिल्या आठवड्यात तगडी माणसं मी पॅनल चढवायला लावली. का, तर ते काम दिसतं, साहेबाची गाडी आली की काचा चमकत्यात. दुपारला तीच माणसं सावलीत पत्ते कुटत बसली, कारण पुढं खांब नव्हते. खांब नव्हते, कारण भोकं नव्हती. आणि भोकं नव्हती, कारण मशिनवाला कुठं पाडू म्हणून उभाच. सूत धरून खुणा करायला मी नवखे दोघं दिलेले. साहेबांकडं आणखी माणसं मागितली, तर म्हणाले, हायत तेवढ्यांतच भागव.

तवा तात्याचं आठवलं. कळप किती चालणार ते पुढचा बकरा ठरवत न्हाई, मागची लंगडी मेंढी ठरवती, म्हणून जाणता गडी मागं ठेवायचा. माझी लंगडी मेंढी म्हणजे त्या खुणा. पत्तेवाले उठवून तिकडं लावले, तरी सूत वाकडंच. मग आमाला पाणी देणारी सुगनाबाई, तिनं हंडा खाली ठेवला, न बोलता खुंटी चार बोटं सरकवली, आणि ओळ सरळ. दोन वर्षं ती तिथंच उभी राहून बघत होती आणि आमी तिला नुसतं पाणी मागत होतो. दुसऱ्या दिवशी फळ्यावर तिचं नाव लिहिलं, पाण्याला पत्तेवाला धाडला. त्या टप्प्याचं काम तारखेच्या दोन दिवस आधी उरकलं.

त्या दिवशी फळा पुसला आणि त्यावर आपलं घर मांडलं. एका बाजूला कामं. कळपाच्या पुढं कोण, मागं कोण, कोकरं कुणाकडं, मुक्कामाला मेंढरं कोंडायचं वाघरीचं जाळं कोण लावणार, खतासाठी मेंढरं कुणाच्या रानात बसवायची ती बोलणी कोण करणार. दुसऱ्या बाजूला माणसं. तात्या, आई, धनाजी, मी. आणि मोत्या. कुत्र्याचं नाव लिहिलं गं मी. तुझं न्हाई.

पेन हातात तसंच राहिलं. मला तो कोरेगावचा रस्ता आठवला. तू चौदाची असशील. माझी नजर नेहमीसारखी पुढं, मधी ट्रक शिरला, कळप तुटला आणि तीस मेंढरं उसात घुसली. तू कोकरू खाली न ठेवता उसाच्या कडेनं हाका मारत फिरलीस आणि दिवस बुडायच्या आत तिसाची तीस बाहेर काढलीस. तात्यानं मला शिव्या घातल्या आणि शाबासकी दिली मोत्याला. तवा तू भाकऱ्या थापत म्हणालीस, "मोत्याला एक जास्त घाल आई, माझं काम त्यानं केलंय." आमी सगळे हसलो. तू हसली न्हाईस, हे मला आठ वर्षांनी, राजस्थानात दिसलं. गेल्या साली तुला बघायला आले, तर तू आधी विचारलंस, तुमची मेंढरं किती. त्यांनी इकलेली. चहाचे कप उचलून तू आत गेलीस ती गेलीस. तेबी आमी हसण्यावारी नेलं.

म्हणून हे लिहितोय. काल तात्याला फोनचा स्पीकर बंद करायला लावून मी सांगितलं, औंदा काठी प्रांजलच्या हातात दे. आई बरोबर हाय, ज्योतिबाकाकाचं बिऱ्हाड शेजारी असणारच. खोटं कशाला बोलू, सांगताना मलाबी सुटल्यासारखं वाटलं, आणि त्याचीच भीती वाटली, की माझं ओझं तुझ्या डोक्यावर सारतोय का काय. मला वाटलं आता तात्या लोक काय म्हणतील ते काढतोय. तर म्हणाला, "तिला चालंल का, इचार. तूच लिव. इतकी वर्षं न्हाई बोललो, आता माझ्या तोंडातनं निघायचं न्हाई." तवा तू सांग. नको असंल तर सरळ नको म्हण, मी येतो, कुरकुर न करता येतो. आणि व्हय असंल तरी पहिला महिना रजा काढून येणार हाय. पुढं तू. मी लंगड्या मेंढरांच्या मागनं, तू म्हणशील त्या चालीनं.

तुझाच दादा,
मल्हार