उभं राहून की बसून

९ मार्च, रविवार

प्रिय दादा,

नमस्कार. इकडे सगळं ठीक. तिकडचं तू कळवत नाहीस, तेव्हा ठीकच असणार असं धरून चालतो. आईचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, नजर स्वच्छ आहे. माझा उजवा गुडघा मात्र संपावर गेलाय.

पत्राचं कारण होडी. हसू नकोस. तू घर सोडलंस तेव्हापासून मी नदीत मांडीभर पाण्यात उभा राहूनच गळ टाकत आलो, तीच आपली पिसांची खोटी माशी लावून. आता प्रवाहात पाय ठरत नाही, म्हणून एकट्यापुरती छोटी होडी बघायला काल दुकानात गेलो. एक होतं रबरी कडं, त्यात बसून पाय पाण्यात हलवायचे. तळ्यात ठीक आहे, नदीत ते नेईल तिकडे जावं लागेल. दुसरी म्हणजे हवेच्या दोन नळ्या, मध्ये खुर्ची आणि वल्ही. पाठीवर नेता येते, पण गळ टाकायचा तर वल्ही सोडा. तिसरी रुंद, सपाट तळाची, तिच्यात उभंही राहता येतं. तू असतास तर तिन्हींनाही नावं ठेवली असतीस.

दुकानदार म्हणाला, "तुम्ही गळ उभं राहून टाकता की बसून? त्यावर सगळं ठरतं बघा."

दादा, मी त्या होडीची कड दोन्ही हातांनी धरली. त्या भल्या माणसाने मला स्टुलावर बसवून पाणी दिलं.

त्या दिवशी वल्ही तुझ्या हातात होती, म्हणून बाबा बुडाले त्याचं खापर तुझ्या डोक्यावर फुटलं. वळणावर याला होडी सांभाळता आली नाही, असं सगळे म्हणाले. आईसुद्धा. तूही तेच मानलंस. तुझी पाठ माझ्याकडे होती, त्यामुळे होडी का कलली ते तुला दिसलंच नाही. मी उभा राहिलो होतो. समोर मोठा मासा वर आला होता. बाबांनी मला हाताने खाली बस म्हणून खुणावलं, आणि मी बसलो नाही.

अकरा वर्षं मी मूग गिळून राहिलो. आई मलाही दूर करेल याची भीती वाटली, बस. याहून बरं कारण खूप शोधलं, सापडलं नाही.

होडी घेतली नाही.

आज सकाळी आईला सांगितलं. ती भाजी निवडत होती. सगळी निवडून होईपर्यंत तिने मान वर केली नाही. दुपारी मी हे लिहायला बसलो, तर तिने कपाटातून एक कोरं पाकीट काढलं आणि माझं पेन मागून घेतलं, तेही नुसता हात पुढे करून. मला वाटलं, आता तुझा पत्ता विचारेल. नाही विचारला. तिला तो पाठ होता.

माझ्यासाठी नको, पण ये.

तुझा,
होडीत उभा राहिलेला धाकटा