आजी नाटकाला गेली आहे

हॅलबरी, इंग्लंड
२४ मार्च २००४

ती. ताईस,
योंगख्वानचा सा. न. वि. वि.

तुझं पत्र काल मिळालं. तुझ्या सासूबाई नऊ तारखेला गेल्या हे मला दोन आठवड्यांनी कळतं, आणि त्याच कागदावर खाली तू हुकूम सोडतेस की रुओलानला परीक्षा होईपर्यंत पत्ता लागता कामा नये. माणूस गेल्याच्या तीन ओळी, आणि ते लपवायचं कसं याच्या चौदा. मोजल्या मी.

या वसतिगृहात रुओलान धरून आपल्याकडची अकरा मुलं माझ्यावर सोपवलेली आहेत. परवा एकाला ३८.४ सेल्सिअस ताप, तर इथल्या नर्सबाई आइस्क्रीम घेऊन हजर! मी ते परत पाठवलं आणि पेज पाजली. रोज यांच्यासाठी शाळेशी भांडतो, तो काय यांच्याशी खोटं बोलायला?

तू नि दाजी दुकानात, आणि पोरगी सहा महिन्यांची असल्यापासून आजीच्या कुशीत. २६ एप्रिलला एकोणपन्नासावा दिवस, गेलेल्याला निरोप द्यायचा. त्या दिवशी तिने आजीला शेवटचा नमस्कार नाही करायचा, तर कधी? त्याआधी तू तिला सांग. नाहीतर मी सांगेन.

राग पोचावा. लोभ त्याच्या मागोमाग येतोच आहे.
तुझा भाऊ,
योंगख्वान

शाओशिंग
५ एप्रिल २००४

चि. योंगख्वान यास अनेक आशीर्वाद.

खबरदार! पंधरा वर्षं तिकडे राहून तुला वाटायला लागलंय की शहाणपण तिथेच पिकतं. शब्दकोश पाठ करून इंग्रजी शिकलास, त्याचं कौतुक गल्लीभर मीच सांगत फिरले. पण आईपण शब्दकोशात सापडत नाही, बाबा.

शेवटच्या दिवशी सासूबाईंनी माझं मनगट धरलं. म्हणाल्या, पोरीला परीक्षेआधी सांगितलंस तर तुझ्या हातची उदबत्ती मला पोचणार नाही. काल त्यांचं थडगं झाडताना तेच कानात होतं. आता मी काय करायचं, ते तू सांगणार?

दर रविवारी रुओलान फोनवर आजीला मागते. मी सांगते, नाटकाला गेलीय. तू गेलास त्या वर्षी बाबांचं ऑपरेशन झालं, तुला कळवलं होतं? काय बिघडलं?

मोहरीच्या सुकवलेल्या पाल्याचं पार्सल पाठवते आहे. सासूबाई दर वसंतात पाठवायच्या. नाही आलं तर पोर ओळखेल. त्यांच्याच नावाने दे, आणि तोंड मिटून ठेव.

जपून राहा. माझ्यावर चिडलास तरी वेळेवर जेव.
तुझी ताई,
शूचेन

हॅलबरी
२७ एप्रिल २००४

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

बिघडलं होतं, ताई. बाबा ऑपरेशन होऊन पडले होते त्याच महिन्यात मी त्यांना थट्टेचं पत्र धाडलं होतं, की तुम्ही आळशी झालात, उत्तर देत नाही. ते आजही मला टोचतं.

पार्सल एकवीसला आलं. पाल्यात सासूबाई बांबूचे कोंब दोऱ्यासारखे चिरून घालायच्या, तुझे बोटाएवढे! आणि मला काय झालं कोण जाणे. तुला शिव्या देणारा मी, दुसऱ्या दिवशी दुपारभर ते बारीक चिरत बसलो. खोट्यातसुद्धा ढिसाळ काम मला सोसत नाही.

मांसाबरोबर शिजवून वाढलं. रुओलानने दोन घास खाल्ले, चॉपस्टिक खाली ठेवल्या आणि म्हणाली की मामा, आजी आधी चिरते, मग सुकवते; हे सुकल्यावर चिरलंय, कडा पांढऱ्या राहिल्यात. मग म्हणाली की गुडघे दुखणारी माणसं सहा रविवार ओळीने नाटकाला जात नाहीत. आजी कधी गेली, तेवढी तारीख सांगा.

मी तारीख सांगितली. सासूबाईंचं मागणंही सांगितलं. ती म्हणाली की आजीचं आजीपाशी, पण आईने माझ्याशी तरी बोलायचं होतं.

काल तिने पूर्वेच्या खिडकीत त्याच पाल्याचा वाडगा ठेवला. इथे उदबत्ती लावायला बंदी आहे. मी लावली. धुराची घंटा वाजली, मुख्याध्यापक धावत आले. त्यांना म्हणालो, वाजू द्या. तिने तीनदा वाकून नमस्कार केला. बाकीची दहा मुलं मागे उभी होती.

संध्याकाळी ती दहाही माझ्या दारात रांगेने. एकेकाने विचारलं की मामा, आमच्या घरी सगळे आहेत ना? मी दहाही जणांना हो म्हटलं. त्यातल्या दोघांच्या घरची पत्रं माझ्या कपाटात पडून आहेत, ताई, अगदी तुझ्या पत्रासारखी. म्हणजे तुझ्यावर ओरडणारा मी दोन वर्षं हेच करत होतो. आज सकाळी त्या दोघांच्या आयांना लिहून टाकलं की यापुढे मी गप्प बसणार नाही.

हे पत्र पोचेपर्यंत मी फोन लावून देणार नाही. ९ मेच्या रविवारी लावेन. रुओलान पहिला प्रश्न विचारणार आहे की आजी कुठे आहे. तिला ठाऊक आहे. तुझ्या तोंडून ऐकायचंय. रडू आलं तर तिच्यासोबत रड. पण नाटकाचं नाव काढलंस, तर ती फोन खाली ठेवेल आणि पुन्हा लाव म्हणून मी तिला सांगणार नाही.

लोभ आहे, म्हणून एवढं लिहिलं. नसता तर गप्प बसलो असतो.
तुझा,
योंगख्वान