उतरंडीचा ठेका

लातूर, डिसेंबर २०२२

तीर्थरूप खाजाचाचांस,

निवृत्तीचा नमस्कार आणि सलाम, दोन्ही. जो आधी पोचेल तो ठेवून घ्यावा. इकडे मी खुशाल आहे असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहितो. तुमचा गुडघा कसा आहे? बेगमबीचाचींनी मीठ कमी केलं का, की जेवणात कमी आणि लोणच्यात जास्त असा हिशेब चालू आहे? फोन असताना पत्र कशाला, असं तुम्ही हे पत्र गिऱ्हाइकांना वाचून दाखवता दाखवता म्हणाल. (कृपा करून हे पत्र दुकानात वाचू नये.) खरं सांगायचं तर सध्या मला माझ्या फोनची भीती वाटते. तो माझ्यापेक्षा जास्त ऐकतो.

तुम्ही दुरुस्त करून दिलेली गिटार झकास आहे. नांदेडला कॉलेजात असताना तुमच्या दुकानात पेटीचे फाटके भाते चिकटवत जे चार सूर शिकलो, त्यांवर माझी सगळी कला उभी आहे. दिवसा इथल्या एका कोचिंग क्लासमध्ये पोरांना रसायनशास्त्र शिकवतो आणि शुक्रवारी संध्याकाळी स्वतः लिहिलेली, स्वतः चाल लावलेली गाणी फोनसमोर बसून लाईव्ह म्हणतो. ऐकणारे दहा-बारा जण. त्यांत हदगावचे एक कापसाचे व्यापारी नेमाने असतात. दर गाण्याखाली ते ‘छान, आवाज वाढवा’ असं लिहितात आणि आवाज वाढवला की निघून जातात.

राहतो गौरम्मांच्या घरी. त्यांचं घर, मालक आणि सात वर्षांची मुलगी महानंदा किल्लारीच्या भूकंपात गेली. मग त्यांनी लातूरला खानावळ काढली आणि कोचिंगची पोरं वाढली तशा खोल्याही वाढवल्या. त्या खोल्या भाड्याने देतात, पण भूकंपापासून स्वतः एकदाही छताखाली झोपलेल्या नव्हत्या. अंगणात बाज टाकायच्या, पावसाळ्यात वर ताडपत्री. आता साठी उलटली आणि यंदा खोकल्याने छाती भरली. डॉक्टर म्हणाले, ही थंडी बाहेर काढलीत तर पुढची बघायला मिळायची नाही. आम्ही सगळ्यांनी विनवण्या केल्या. मी तर त्यांना सिमेंट कसं घट्ट होतं हे फळ्यावर काढून दाखवलं. त्यांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं आणि विचारलं, “सर, ह्ये छत तुमी बांधलंय का?” मी फळा पुसला.

त्यांची आणखी एक रीत आहे. घरात प्रत्येक खोलीत फळीवर एक उलटा पेला, त्यावर ताटली, ताटलीवर तांब्या अशी छोटी उतरंड रचलेली असते. जमीन जरा हलली की ती खडखडते, आणि ती खडखडली की हातातलं टाकून सगळ्यांनी अंगणात पळायचं. हा या घराचा पहिला नियम आहे, भाडं दुसऱ्या नंबरावर येतं.

मी लाईव्हला बसतो पुढच्या खोलीत, कारण तिथे नेटवर्क येतं. दिवाळीनंतरच्या शुक्रवारी मी नवं गाणं काढलं. रात्रीच्या टेस्टवरून उशिरा येणाऱ्या पोरांवर आहे: ‘दार नुसतं लोटून ठेव, कडी लावू नको, ताट माझं झाकून ठेव, वाट पाहू नको.’ पहिलंच कडवं, आणि मी सगळ्यात जाड तार जरा जोरात छेडली. फळीवरची उतरंड खडखडली. गौरम्मांनी स्वयंपाकघरातून हाक दिली आणि अख्खी खानावळ अंगणात आली. एकाच्या हातात भाकरी, एकाच्या हातात जीवशास्त्र, आणि मुखेडचा एक पोरगा आंघोळीतून आला होता, त्याच्याबद्दल जास्त लिहीत नाही. मी गिटार खुर्चीला टेकवून सगळ्यांच्या पुढे पळालो. (गावातही मी पळण्यात पहिला यायचो, तुम्हाला माहीत आहे.)

फोन आत चालूच राहिला. नंतर मी ते रेकॉर्डिंग पाहिलं. रिकामी खुर्ची, गिटार गप्प, आणि भांडी वाजतायत. आधी नुसती खडखड होती. मग दोन सावकाश, तीन भराभर, दोन सावकाश, तीन भराभर. तो माझ्या गाण्याचा ठेका होता, चाचा. मी म्हटलेलंच नाही त्या सगळ्या कडव्यांना पुरेल इतका वेळ तो चालला आणि जिथे गाणं संपतं तिथे थांबला. खाली हदगावच्या व्यापाऱ्यांनी लिहिलं होतं, ‘छान. मुलीला फळीखाली का बसवलंय? खुर्चीवर बसवा, नीट दिसत नाही.’ मी दहादा पाहिलं. फळीखाली मला काही दिसलं नाही. त्या रात्री मी त्या खोलीत एकटा गेलो नाही.

तुम्ही म्हणाल, तारेनं भांडं बोलतं. मीही तेच म्हटलं, विज्ञानाचा माणूस आहे. दुसऱ्या दिवशी सगळ्या तारा सैल सोडल्या आणि नुसत्या तोंडाने गाणं म्हटलं. दुसऱ्या ओळीला भांडी येऊन मिळाली. माझा आवाज बसला, ती वाजत राहिली. गौरम्मा दारात उभ्या होत्या. पळाल्या नाहीत. बराच वेळ ऐकून म्हणाल्या, “वाढायला उशीर झाला की महानंदा असंच ताट वाजवायची. तिचा हात हाय ह्यो.” आणि त्या संध्याकाळी त्यांनी आपलं अंथरूण अंगणातून उचलून त्या फळीखाली घातलं. मला भीती वाटली आणि रडूही आलं, दोन्ही एकदम.

आता त्यांचा खोकला उतरला आहे. त्या रोज आत झोपतात आणि जेवणाच्या वेळी ठेका ऐकून मगच घास घेतात. बाकी सगळं ठीक. जाता जाता एक किरकोळ काम: गिटारच्या सगळ्यात बारीक तारेची दोन वेटोळी पाठवावीत, माझी सारखी तुटते. बेगमबीचाचींना नमस्कार.

तुमचा,
निवृत्ती

ता. क. तार तुटत नाही, खोटं लिहिलं. गेल्या आठवड्यात थंडी वाढली म्हणून मीच गौरम्मांना पुढच्या दाराला आतून कडी लावायला लावली. नेमकी त्याच दिवसापासून भांडी गप्प झाली. दोन संध्याकाळी त्या ताट समोर घेऊन बसल्या आणि न जेवता उठल्या. तिसऱ्या दिवशी अंथरूण गुंडाळायला लागल्या. मला बघवलं नाही. मी बारीक तार उतरंडीला बांधली, भिंतीच्या कडेने दाराच्या फटीतून काढून ओसरीवरच्या माझ्या खोलीत आणली आणि पायाच्या अंगठ्याला गुंडाळली. (दार त्यामुळे लोटलेलंच ठेवावं लागतं. फुगलंय, लागत नाही, असं सांगितलंय.) जेवणाच्या वेळी मी खाटेवर पडून अंगठा हलवतो, आत ठेका वाजतो, गौरम्मा जेवतात. पाप असेल तर माझ्या नावावर लिहा, पण थंडी सरेपर्यंत हे चालवायचं आहे. म्हणून तार पाठवा, आणि कमी चमकणारी बघा.

ता. क. दुसरा. पाकीट चिकटवायला भाताचं शीत मागायला गेलो तर गौरम्मांनी पत्र हातातून घेतलं आणि चुलीपाशी बसून सावकाश सगळं वाचलं. मी उभाच. रागावल्या नाहीत. म्हणाल्या, “तार मागवू नका सर. तुमची तार म्या पयल्याच दिवशी सोडून ठिवली. पोरीच्या पायात येत हुती.” मी पुढच्या खोलीत जाऊन पाहिलं. उतरंडीला काही बांधलेलं नाही. तारेचं ते टोक दाराच्या आत जमिनीवर पडलंय, वर धूळ बसलीय. म्हणजे इतके दिवस माझा अंगठा नुसताच हलत होता. आणि ठेका एकदाही चुकला नाही, चाचा.

तेव्हा तार नको. दाराला कडी लावायची नाही, असं आमचं ठरलं आहे. तुमच्या शेजारच्या भांड्यांच्या दुकानात लहान मुलांचं ताट मिळतं, कडा जरा उंच असलेलं, ते आणि एक छोटा चमचा तेवढा पाठवा. तांब्यावर वाजवून बोटं दुखत असतील, असं गौरम्मा म्हणतात.