बोट की रस्ता

किंग्सँड,
सोमवार, ९ मार्च

प्रिय मॉर्वेना,

खडखड, खडखड, आणि मग पाण्याखालून कुणीतरी कण्हल्यासारखा लांब आवाज. आज पहाटे जाग आली ती टॉरपॉइंटच्या साखळीच्या बोटीचा आवाज कानात घेऊन. आत्ताच्या बोटीचा नव्हे. आपल्या लहानपणीच्या, कोळशाच्या वासाच्या बोटीचा. या काठावरून त्या काठापर्यंत नदीच्या तळाशी साखळी आणि तिच्यावरून स्वतःला ओढत जाणारी ती म्हातारी. तू शाळेची टोपी हातात धरून अगदी पुढं उभी असायचीस. तेव्हा तू काहीतरी म्हणाली होतीस. काय, ते आठवता आठवता चहा गार झाला.

असो. तू बरी असशील. टॅमसिनचा खुबा आता कसा आहे? मी ठीक आहे. जेवणाची काळजी करू नकोस, कोपऱ्यावरच्या दुकानातली मांस-बटाटा भरलेली पॅस्टी आणतो आणि भट्टीत गरम करतो. खालची बाजू करपते, वरची गार राहते; मधलं खातो.

पत्राचं कारण म्हणजे मे महिना. स्पेनमधल्या यानेसहून तळाच्या मालकीण एउलालियाबाईंचा निरोप आलाय की समुद्रावरची आपली अंजिराखालची जागा त्यांनी यंदाही धरून ठेवली आहे, पण कधी येताय ते कळवा. आता जायचं कसं, यावर मी तीन आठवडे डोकं शिणवतोय आणि जितकं शिणवतो तितका गुंता वाढतोय. तुझं मत हवं. फक्त वाटेबद्दल.

पहिली वाट नेहमीची. आपल्या मोटरहोमला, हिल्डाला घेऊन इंग्लंडभर आडवं डोव्हरपर्यंत, तिथून छोट्या बोटीनं कॅले, आणि मग सगळं फ्रान्स वरून खाली. ल मान्स, तूर, प्वातिए, बोर्दो, बायोन. नावं नुसती म्हणत गेलं तरी कविता होते. दुसरी वाट म्हणजे इथं शेजारी प्लिमथला बोटीवर चढायचं आणि थेट स्पेनमध्ये सांतांदेरला उतरायचं. एक रात्र आणि दुसरा अर्धा दिवस. तिसरी मधली: प्लिमथहून रॉस्कॉफ, आणि मग अर्धा फ्रान्स. ही तिसरी मला फार आवडली होती, कारण तिच्यात दोन्ही आहे. मग लक्षात आलं की तिच्यात दोन्हीची कटकटही आहे.

क्लॅरेन्स हॉस्किनला विचारलं. हिल्डा अजून त्याच्याच आवारात उभी आहे, गाईंच्या गोठ्याला लागून. तो म्हणाला, "अरे, बिस्केच्या समुद्रात मोठमोठी माणसं आईला हाका मारतात. तू तर बागेतल्या झोक्यावर पांढरा पडतोस." मी म्हटलं, मग रस्त्यानं जाऊ? तर म्हणाला, "रस्त्यानं? तुझ्या डाव्या बाजूला बसणार कोण? माझी गाय?"

मी हसलो. तोही हसला. मग हसणं थांबल्यावर त्यानं विचारलं, "टॅमसिनचा खुबा अजून दुखतोय होय रे?" मी म्हटलं, खुब्याचं दुखणं लांबतं. तो गाईंकडे वळला.

त्याचं म्हणणं खरं आहे. आपल्या गाडीचं स्टिअरिंग उजवीकडे, फ्रान्समधली वाहतूकही उजवीकडून. पुढं ट्रक असला की मला त्याच्या पाठीखेरीज काहीच दिसत नाही. डाव्या खिडकीतून तू वाकून बघणार आणि म्हणणार, "थांब... थांब... ये." त्या 'ये'वर मी इतकी वर्षं आंधळेपणानं गाडी बाहेर काढत आलोय. टोलनाक्यावरचं तिकीटही तुझ्याच बाजूनं यायचं. फिरत्या वाचनालयाची गाडी मी आयुष्यभर कॉर्नवॉलच्या बोळाबोळांतून चालवली, कुठं ओरखडा नाही. पण फ्रान्समध्ये मी म्हणजे फक्त पाय. डोळे तू.

मागच्या वर्षीचं एक अजून कळलेलं नाही. प्वातिएच्या अलीकडे आपण डुकरांच्या ट्रकमागे अडकलो होतो. मी विचारलं, "येऊ का?" तू काही बोलली नाहीस. पुन्हा विचारलं. तू म्हणालीस, "तुझं तू बघ." मला वाटलं, थट्टा करतेस. मग आपण त्या ट्रकमागं दुपारभर गेलो. काचा लावल्या तरी वास येत होता, आणि तू डोळे मिटून बसली होतीस. झोपली नव्हतीस, झोपलीस की तुझा अंगठा हलतो.

त्या संध्याकाळी तळावर शेगडी पेटवताना मी म्हटलं, आज पॉप्लरच्या रांगा काय सुंदर होत्या, पावसात भिजलेल्या शाळेतल्या पोरांसारख्या. तू म्हणालीस, "तुला पॉप्लर दिसतात, डेन्झिल. मला ट्रक दिसतात." मी ते वाक्य वहीत उतरवून ठेवलं होतं, सुंदर वाटलं म्हणून. नाताळात फोनवर तू तेच पुन्हा म्हणालीस, तेव्हा ते तितकं सुंदर वाटलं नाही.

बोटीचंही सांगतो, म्हणजे तुला दोन्ही बाजू कळतील. बोटीच्या कंपनीला फोन करून हिल्डाची उंची, लांबी सगळं सांगितलं. गॅसची टाकी बंद ठेवायची. गाडीत बसून राहायचं नाही, वर जायचं. खोली मिळते. खिडकीची किंवा बिनखिडकीची, हाही आणखी एक घोळ. सांतांदेरहून यानेस जेमतेम दीड तास, तोही सगळा रुंद रस्ता. कडेकडेनं हळू गेलं तर कुणाला मागं टाकायची वेळ येत नाही. एवढं सगळं फोनवरच्या बाईनं नीट समजावलं. मग विचारलं, "माणसं किती? एक की दोन?"

मी म्हटलं, विचारून सांगतो.

पुढच्या आठवड्यात पुन्हा फोन केला, खिडकीचं विचारायला. तीच बाई. "मिस्टर ट्रेवार्था, विचारलंत का?" म्हटलं, अजून नाही. गेल्या गुरुवारी तिसऱ्यांदा केला, तर मी नाव सांगायच्या आधीच म्हणाली, "काका, त्या बोटीवर मोटरहोमची जागा आता अगदी थोडी उरली आहे. तुम्ही त्यांना विचारताय ना, की नुसतं मलाच फोन करताय?"

मॉर्वेना, मला नीट विचारता येत नाही. नोव्हेंबरात टॅमसिन धक्क्याच्या पायऱ्यांवरून घसरली, तू छोटी पिशवी घेऊन बहिणीकडे पॅडस्टोला गेलीस. दोन आठवडे म्हणालीस. मग जाड कोट मागवलास. थंडीच होती, मी पाठवला. मग वाचायचा चष्मा. आणि मागच्या मंगळवारी बियांचा पत्र्याचा डबा.

डबा बांधताना मी तो उघडला. वाटाणे, गोडवेल, तो जांभळा कोबी. मार्चात पेरतात ते ऑगस्टात हाताशी येतं. मी तिथंच जमिनीवर बसलो. मग उठून दोरी बांधली आणि टपालात टाकला. पोचला असेल.

गावात विचारतात त्यांना मी खुबा सांगतो. आता खुबाही पुरेनासा झालाय.

काल दुपारी खाली वाळूवर जाऊन बसलो होतो. सांतांदेरची बोट खाडीतून बाहेर पडताना इथून दिसते, तुला माहीतच आहे. मला मिस पास्को आठवल्या. वर्गात पट्टी आपटत ताल धरायच्या आणि आपण साऱ्यांनी एका सुरात म्हणायचं:

काठावरती बसून, बाळा, मोजू नयेत लाटा...

पुढची ओळ आठवेना. कवी कोण, तेही नाही. बोट वळून दिसेनाशी होईपर्यंत मी तोंडात घोळवत होतो. तुला आठवत असेल, कारण शाळेतसुद्धा मी पहिली ओळ दणक्यात म्हणायचो आणि दुसऱ्या ओळीला अडलो की मागच्या बाकावरून तू पुटपुटायचीस. कळव.

मला रस्ता आवडतो, हे खरं. पण का आवडतो ते गेले तीन आठवडे मला सांगता येत नव्हतं. पॉप्लर, टेकड्या, कडेच्या गावात मिळणारा गरम पाव, हे सगळं मी नकाशाच्या समासात लिहून काढलं आणि वाचलं, तर त्यात एकही गोष्ट अशी नव्हती जिच्यासाठी म्हाताऱ्यानं एवढं लांब जावं. मग वाटलं, तू डावीकडे हवीस, म्हणून रस्ता. रस्त्यानं जायचं तर तुला यावंच लागेल, तुझ्यावाचून मला पुढं काढताच येणार नाही. हा मुद्दा मला फार पटला. मी तसं पत्रही लिहायला घेतलं होतं. त्यातली भाषा इतकी छान साधली होती की दोनदा मोठ्यानं वाचली. दुसऱ्यांदा वाचताना तुझ्या आवाजात ऐकू आलं, "थांब... थांब..." आणि 'ये' काही ऐकू येईना. तो कागद चुलीत गेला.

आणि आत्ता, हे पान लिहिताना, साखळीच्या बोटीवर तू काय म्हणालीस ते आठवलं. तू चौदाची असशील. कठड्यावर पोट टेकून खाली पाण्यात बघत होतीस, जिथून ती साखळी ओली होऊन वर यायची. म्हणालीस, "ही कसली बोट! हिला दोनच जागा माहीत. मी मोठी झाले की साखळी नसलेल्या बोटीतून जाणार. आणि आत नाही बसणार, बाहेर उभी राहणार." मी तुला एक कविता म्हणून दाखवली होती बहुतेक. उत्तर द्यायचं सोडून.

किती मे महिने आपण गेलो! प्रत्येक मार्चात तू एकदा म्हणायचीस, "यंदा बोटीनं जाऊ या का?" आणि मी म्हणायचो, बघू. आणि बघता बघता डोव्हर यायचं.

थांब, ही शाई वाळेपर्यंत एक काम उरकून येतो.

आलो. फोन केला. बाईनं विचारलं, "विचारलंत?" म्हटलं, नाही, पण ठरवलं. बारा मेची बोट. खोली खिडकीची. माणसं दोन. ती म्हणाली, "दुसऱ्यांनी नाही म्हटलं तर?" म्हटलं, तर एक पलंग रिकामा जाईल, पण बोट जाईल. मग म्हणाली, "दुसऱ्यांचं नाव सांगा." मी तुझं नाव एकेक अक्षर करून सांगितलं. फार दिवसांनी कुणाला तरी सावकाश सांगितलं.

तर आता वाटेबद्दल मत विचारत नाही. ठरलं. फक्त एवढंच लिहायचं आहे, आणि हे वाचून रागावू नकोस, सावकाश वाच: या वाटेवर मला तुझी काही गरज पडणार नाही. ट्रक नाही, नाका नाही, डावी खिडकी नाही. बोट कप्तान चालवेल. मी आजारी पडलो तर बादली असते, तेही विचारून घेतलं आहे. तू बाहेर कठड्याशी उभं राहायचं आणि तुला जे दिसेल ते बघायचं. मला सांगितलंस तर ऐकेन. नाही सांगितलंस तरी चालेल. आलीस तर एवढ्याचसाठी ये.

नाही आलीस तर मी एकटा जाईन, अंजिराखाली खुर्च्या मात्र दोन मांडीन. सवय आहे म्हणून.

ती दुसरी ओळ कळवू नकोस. अजून आठवली नाही, तेव्हा मी माझीच केली. मिस पास्कोंनी पट्टी मारली असती, पण ताल जमलाय:

काठावरती बसून, बाळा, मोजू नयेत लाटा;
उठेल त्याच्या पायांखाली त्यांच्या होती वाटा.

आता पाकीट...

दार वाजतंय. क्लॅरेन्स असेल, अंडी घेऊन.

क्लॅरेन्स नाही. टॅमसिन आहे. पॅडस्टोहून मासेवाल्याच्या गाडीत बसून आलीय, अंगाला माशांचा वास. हातात काठी नाही. उंबऱ्यावर सरळ, माझ्याहून सरळ उभी आहे. मी तिच्या पायांकडे बघतच राहिलो, तर म्हणाली, "बघतोस काय घोडा घ्यायला आल्यासारखा? खुबा जानेवारीतच बरा झाला. तिनं तुला सांगितलं नाही, होय? मला वाटलंच."

मी दार सताड उघडलं.

"मी आल्याचं तिला माहीत नाही," म्हणाली. "डेन्झिल, ती मला बशी विसळू देत नाही. माझ्या बागेत तुमचा कोबी लावायचा म्हणते. आणि रोज संध्याकाळी धक्क्यावर जाऊन तासभर उभी राहते. मी तिला म्हटलं, अगं बाई, इथून एकही बोट स्पेनला जात नाही. तर म्हणते, मला माहीत आहे." मग तिनं टेबलावरचा हा कागद पाहिला. "तिलाच लिहितोयस? बोट की रस्ता? आणि 'बघू' म्हणालास तर तुझीच पॅस्टी तुझ्या डोक्यात घालीन."

मी म्हटलं, "बोट."

आत ये म्हटलं तरी येत नाही, कोटही काढत नाही. मासेवाला गाडी चालू ठेवून थांबलाय. टपालाला कशाला देतोस म्हणते, आणि उंबऱ्यावरच हात पुढं करून उभी आहे. म्हणून इथंच थांबतो.

कठड्याशी तुझ्या शेजारची जागा धरून ठेवणारा,
डेन्झिल